साडेसहा इंच

दस्तगीर मुलाणींनी माझ्या टेबलावरचा मोठा फोन उचलला, शर्टाच्या वरच्या खिशात सोडला आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मुद्दाम खाली वाकले. फोन सुळकन खिशातून सुटला आणि फरशीवर आपटला. मीटिंगला बसलेले दहाअकरा वायरमन खो खो हसले. मुलाणी हसले नाहीत. त्यांनी फोन उचलला, पँटला पुसला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"वर गेलं की माणसाला एकच हात असतोय, मॅडम," ते म्हणाले. "दुसरा खांबाचा असतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अठ्ठावीस वर्षांची होते मी तेव्हा, दुष्काळी पट्ट्यातल्या त्या उपविभागात सहायक अभियंता म्हणून येऊन जेमतेम पाच महिने झालेले. बाई खांबावर चढत नाही, कागदावर चढते, असं माझ्यामागे बोललं जायचं, आणि ते माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने बोललं जायचं. त्यात हे फोनचं काम माझ्या गळ्यात आलं. आमच्या भागातल्या चारशे वायरमनना फोन द्यायचे होते. निवडीला दोन नमुने होते, एक पाच इंची पडद्याचा आणि एक साडेसहा इंची. कुठला घ्यायचा याचा अहवाल मी त्याच संध्याकाळी कार्यकारी अभियंता होनराव साहेबांना पाठवायचा होता. नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम. आणि खरं सांगायचं तर मीटिंग बोलवायच्या आधी आठ दिवस माझं मत ठरलेलं होतं. मोठा फोन.

माझ्याकडे कारण नव्हतं असं नाही. मी त्या माणसांना पाच इंची फोनवर खांबाचा नंबर वाचायला लावला होता. निम्म्यांनी फोन हातभर लांब धरला. दोघांनी तो गुपचूप शेजाऱ्याकडे सरकवला. खुद्द मुलाणींनी आठाचा तीन वाचला. सगळी पन्नाशीला टेकलेली माणसं, चष्मा घरी ठेवून येणारी. चुकीच्या खांबावर चढला तर माणूस मरतो, मी म्हटलं, मग खिशात नीट बसणाऱ्या फोनचं काय लोणचं घालायचंय?

"डोळ्याला चष्मा मिळतोय," मुलाणी म्हणाले. "हाताला काय मिळतंय?"

पुन्हा हशा. मी मनात म्हटलं, आज या म्हाताऱ्याला याच फोनसकट खांबावर चढवते आणि फोटो काढून अहवालाला जोडते.

मुलाणींचा खरा राग फोनवर नव्हता. तो परमिटवर होता, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे लाइनवर काम करायचं असलं की वायरमन उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करतो, ऑपरेटर ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा खटका, पाडून लाइन बंद करतो, याला परमिट घेणं म्हणतात. काम झालं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच स्वतःच्या आवाजात फोन करून सांगायचं, मी खाली आलोय, माणसं बाजूला आहेत, सोड लाइन. दुसऱ्या कुणी सांगून चालत नाही. आणि पाय जमिनीला लागल्याशिवाय हा फोन करायचा नाही. वर असताना ऑपरेटरच्या कानावर आपला आवाज पडूच द्यायचा नाही, कारण त्या आवाजाचा एकच अर्थ असतो.

ही रीत मी बंद केली होती. त्यातून लाइनी दोनदोन तास बंद राहायच्या, माणसं काम आटपून चहा प्यायची, मग सावकाश फोन करायची, आणि डाळिंबवाल्यांच्या शिव्या मला खाव्या लागायच्या. चाचणीला आलेल्या नमुन्याच्या फोनांवर परमिट चाळीस मिनिटांचं. वेळ पुरली नाही तर पडद्यावरच्या बटणावर त्याच माणसाने अंगठा ठेवून मुदत वाढवायची. नाही वाढवली तर उपकेंद्रात घंटा वाजणार आणि ऑपरेटरने मिनिटाच्या आत लाइन सोडायची, म्हणजे वीज चालू करायची, कुणाची वाट बघायची नाही. तसं परिपत्रक माझ्या सहीने उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं.

"बिराजदार न्हाय सोडायचा," मीटिंगमधून उठताना मुलाणी म्हणाले. "तेवीस वर्षं त्यो माझ्या आवाजावर लाइन सोडतोय. घंटेवर न्हाय सोडायचा."

शिवलिंग बिराजदार हा आमचा ऑपरेटर. अबोल माणूस. मुलाणींचा आणि त्याचा जीव एक होता, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात दोघांनी पंगती वाढल्या होत्या.

दुपारी लोणारवाडीच्या माळावर गेलो. खांबावरचा एक इन्सुलेटर, म्हणजे तार ज्याच्यावर बांधतात तो चिनी मातीचा बोंडा, तडकला होता. तो बदलायचा. मुलाणी, चंदनशिवे नावाचे दुसरे वायरमन आणि मी. जीप अर्धा किलोमीटर लांब, रस्त्यावर. दोन वाजून दहा मिनिटांनी मुलाणींनी मोठ्या फोनवर अंगठा ठेवून परमिट घेतलं. लाइन बंद झाली. त्यांनी तारेवर अर्थिंगचे रॉड अडकवले, त्यांचं दुसरं टोक जमिनीत गाडलं. चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता रॉडमधून मातीत जावी म्हणून. मग फोन माझ्या हातात दिला, कारण तो ठेवायला त्यांच्या अंगावर जागाच नव्हती, आणि ते वर गेले.

मी खाली उभी राहून पडद्यावरचे आकडे उतरताना बघत होते. ऊन मी म्हणत होतं. मुलाणींनी काम अर्ध्या तासाच्या आत आटोपलं. चौपन्नाव्या वर्षी तो माणूस घरचा जिना उतरावा तसा खांब उतरायचा. त्यांनी रॉड काढले. चंदनशिवे रॉड खांद्यावर टाकून जीपकडे निघाले. मुलाणींनी परमिट परत करायला माझ्याकडे हात पुढे केला.

मी फोन दिला आणि म्हटलं, "एक मिनिट. हा घेऊन एकदा वर जाता का? एकच फोटो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लांब जाणाऱ्या चंदनशिव्यांकडे.

"रॉड काढलेत, मॅडम."

"लाइन बंद आहे. अजून नऊ मिनिटं आहेत. एका मिनिटाचं काम."

ते जागचे हलले नाहीत. तेव्हा मी ते वाक्य उच्चारलं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की जिभेला चटका बसतो. मी म्हटलं, "जमत नसेल तर राहू द्या."

मुलाणींनी फोन कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि खांबाला हात घातला.

वर जाऊन त्यांनी सुरक्षेचा पट्टा बांधला, उजव्या हाताने आडवा लोखंडी अँगल धरला, डाव्या हातात फोन घेतला आणि माझ्याकडे तोंड केलं. मी फोटो काढला. चांगला आला. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण मला हाव सुटली. मी ओरडून सांगितलं, मुदत वाढवायचं बटण दाबताना एक हवा.

बटण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात होतं. मुलाणींचा अंगठा आखूड, जाड, तीस वर्षं तारा पिळून घट्टे पडलेला. तो पडद्याच्या मध्यापर्यंत पोचायचा, पुढे नाही. त्यांनी फोन तळव्यात जरा वर सरकवला. अंगठा पुन्हा ताणला. फोन वाकडा झाला. मी खालून सगळं बघत होते आणि मला कळत होतं की हा पडणार, आणि तरी मी कॅमेरा खाली घेतला नाही.

फोन खडकावर पडला. मी धावत जाऊन उचलला. पडद्याची चाळण झाली होती, आत काळं. मी वरचं बटण दाबलं, खालचं दाबलं, हलवून पाहिला. काही नाही.

घड्याळात दोन चव्वेचाळीस. परमिट दोन पन्नासला संपणार होतं, आणि मुदत वाढवायचं साधन माझ्या हातात मरून पडलं होतं.

"खाली या," मी म्हटलं. "मुलाणी, उतरा, सहा मिनिटं आहेत."

"थांबा," ते वरून म्हणाले. "हितलं बाइंडिंग ढिलं ऱ्हायलंय. तार सुटंल."

"राहू दे बाइंडिंग. पुन्हा परमिट घेऊ."

त्यांनी पक्कड काढली आणि तार बोंड्याला बांधणारे पीळ आवळायला दोन्ही हात तारेला लावले.

मी बिराजदारला फोन लावला. व्यग्र. पुन्हा लावला. व्यग्र. लाइट गेली की गावच्या गाव उपकेंद्राला फोन करतं, कधी येणार, कधी येणार. त्या दुपारी लोणारवाडीच्या प्रत्येक माणसाला तेवढंच विचारायचं होतं आणि मला एक वाक्य सांगायचं होतं, की थांब. होनराव साहेबांना लावला, तो उचलला गेला नाही. चंदनशिव्यांना हाका मारल्या, ते जीपपाशी पोचले होते, वारा उलटा होता. रॉड तिकडे, मी इकडे. आणि मी रॉड आणले असते तरी ते तारेवर कसे अडकवायचे हे मला पुस्तकातलं माहीत होतं, हातातलं नाही.

दोन शेहेचाळीस. दोन सत्तेचाळीस.

"मुलाणी, बिराजदारचा फोन लागत नाही. तुमचा छोटा फोन आहे ना खिशात? तुम्ही लावा."

"वरनं फोन करत न्हाईत, मॅडम. माझा आवाज ऐकला तर त्याला वाटंल मी खाली हाय."

"मग उतरा ना."

"दोन पीळ ऱ्हायलेत."

आता मला रडू यायला लागलं होतं. माणूस मुद्दाम करत होता, हे मला दिसत होतं. सकाळपासून मी त्याचा पाणउतारा केला होता, त्याची तेवीस वर्षांची रीत एका कागदाने पुसली होती, वरून जमत नसेल तर राहू द्या म्हटलं होतं. आता तो मला दाखवत होता. मी पुन्हा बिराजदारला लावला. व्यग्र. पाचव्यांदा, सहाव्यांदा. बोटं घामाने पडद्यावरून घसरायला लागली.

दोन एकोणपन्नास.

"दस्तगीर काका," मी ओरडले. मी त्यांना काका कधीच म्हटलं नव्हतं. "तुमच्या पाया पडते. हात काढा तारेवरचा. माझं चुकलं, मी ते परिपत्रक फाडते, उतरा तुम्ही."

त्यांनी पक्कड खिशात ठेवली. आता ते उतरतील असं मला वाटलं. पण त्यांनी उजवा हात उघडा तारेवर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि खाली माझ्याकडे बघितलं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

मी मनगट डोळ्यांसमोर धरलं. घड्याळात दोन पन्नास झाले. तिकडे उपकेंद्रात घंटा वाजली असणार. मी डोळे मिटले. काही फुटल्याचा आवाज येईल, काही जळाल्याचा वास येईल, याची वाट बघत मी उभी होते. मिनिटभर तरी गेलं असेल. लांब कुठेतरी शेळी ओरडली.

डोळे उघडले तर मुलाणी तसेच होते. हात तारेवर.

"एक्कावन झाले असतील," ते म्हणाले. "आवाज ऐकल्याबिगर शिवलिंग लाइन सोडत न्हाय. बघितलं न्हवं?"

मग ते उतरले. सावकाश, एकेक पाय ठेवत. जमिनीवर आले, चार पावलं बाजूला गेले, मला हाताने मागे व्हायला सांगितलं आणि खिशातून बटणांचा छोटा फोन काढला. माझ्या घड्याळात दोन चोपन्न झाले होते. त्यांचा फोन पहिल्या झटक्यात लागला.

"शिवलिंग, दस्तगीर बोलतोय. खाली आलोय. माणसं बाजूला हायत. सोड लाइन."

थोड्या वेळाने पलीकडच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. मी तिथेच मातीत बसले आणि हुंदके देऊन रडले. मुलाणींनी पाण्याची बाटली आणून दिली. पडलेल्या फोनबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला म्हणाले, "मीबी आज जरा जास्तीच केलं. घरी सांगू नका, बायको जेवायला घालायची न्हाय."

जीपमधूनच मी होनराव साहेबांना कळवलं. पाच इंची फोन घ्यावा. परमिट बंद करायची वेळ पडद्यावर ठरवू नये, माणसाच्या आवाजावर ठरवावी. माझं परिपत्रक मी मागे घेते आहे. साहेबांनी विचारलं, एका दिवसात एवढं काय झालं? मी म्हटलं, कामाची जागा बघितली. मनातून मी अगदी हलकी झाले होते. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कधी हरले नव्हते.

त्याच आनंदात संध्याकाळी उपकेंद्रात गेले. बिराजदारला भेटायचं होतं. माझी सही असलेला हुकूम मोडून त्याने माझ्या डोक्यावरचं पाप टाळलं होतं, त्याचे आभार मानायचे होते, आणि ते परिपत्रक माझ्या हाताने भिंतीवरून काढायचं होतं.

बिराजदार खुर्चीत बसला होता. दिवा लावलेला नव्हता. मी बोलायला सुरुवात केली, मुलाणी कसे वर होते, हात तारेवर कसा होता, मी कशी रडले, सगळं सांगत सुटले. माझं ऐकता ऐकता तो उभा राहिला आणि भिंतीला टेकला.

"वर होते?" त्याने विचारलं. "पन्नासला?"

"हो. पण तुम्ही सोडली नाहीत ना लाइन."

त्याने भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट केलं.

"सही तुमची हाय, मॅडम. मिनिटाच्या आत सोडायची, कुणाची वाट बघायची न्हाय. मागच्या आठवड्यात तुम्हीच झापलं होतं मला." तेच बोट मग लाइनच्या बटणाकडे वळलं. "घंटा वाजली, मी बटण दाबलं."

मग लाइन आली का नाही, मी विचारलं.

"ब्रेकर लागला न्हाय," तो म्हणाला. "कधीकधी स्प्रिंग भरत न्हाय त्याची. मग बाहेर यार्डात जाऊन हँडल मारून हातानं भरावी लागतेय. तीन मिनिटं मी हँडल मारत होतो. भरली. बटणावर बोट ठेवलं आन् दस्तगीरभाईचा फोन आला."

मी खुर्ची ओढून बसले. तो उभाच होता. दोन मोठी माणसं आम्ही, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना. तीन मिनिटं हा माणूस घाम गाळून हँडल मारत होता, आणि तिकडे मुलाणी त्याच्याच भरवशावर तारेवरचा उघडा हात काढून सावकाश खांब उतरत होते. आणि या दोघांच्या मध्ये भिंतीवर माझी सही होती.

"त्यांना सांगू नका," बिराजदार म्हणाला. "तुमच्या पाया पडतो."

दुपारी मी हेच शब्द खांबाखालून ओरडले होते. मी म्हटलं, नाही सांगणार. सांगून मी तरी काय सांगणार होते? बिराजदारने बटण दाबलं असं सांगायचं, तर ते कुणाच्या हुकमाने हेही सांगावं लागलं असतं. त्याची दया आली म्हणून मी गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला बजावलं. ते खरं नाही. मी माझ्यासाठी गप्प बसले.

चारशे वायरमनना पाच इंची फोन मिळाले. माझं कौतुक झालं, ही पोरगी माणसांचं ऐकते म्हणून.

मुलाणी त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झाले. माझी बदली झाली होती, पण त्यांनी मला आवर्जून बोलावलं. उपविभागाच्या आवारात मांडव होता. मुलाणी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी लोणारवाडीचा तो किस्सा सांगितला. फार रंगवून सांगितला. मोठा फोन, मॅडमचा फोटो, पडद्याची चाळण, तारेवर ठेवलेला हात. माझी थट्टा केली, मांडव हसला, मीही हसले. मग त्यांचा आवाज जड झाला. माणसाने माणसावर भरवसा कसा ठेवावा ते मला शिवलिंगनं शिकवलं, असं म्हणून त्यांनी बिराजदारला गर्दीतून हाताला धरून पुढे आणलं, मिठी मारली आणि पेढा त्याच्या तोंडापाशी नेला.

बिराजदारने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि पेढा खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांना वाटलं, दोस्ताच्या निरोपाचं आहे. मांडवभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.